लांबून ऐकलेली गाडी

गाडी विकायची ठरली तेव्हा मी घरात नव्हतो असं नाही. घरातच होतो, सोफ्यावर बसून पेपर वाचत होतो. पण ठरवलं माझ्या मुलाने, केदारने, बंगळूरहून, फोनवर. गॅरेजवाल्याने त्याला परस्पर सांगितलं होतं की बाबांच्या गाडीचं मेन बेरिंग गेलंय, इंजिन केव्हाही बसेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडण्यात काही अर्थ नाही. साडेतीन लाख किलोमीटर झालेत, आता बास. रविवारी एक माणूस येऊन गाडी घेऊन जाईल, भंगारात. नवीन गाडी या वयात कशाला, हवी तेव्हा रिक्षा मागवता येते. मी बरं म्हटलं. मुलं आपल्या काळजीने बोलतात तेव्हा बरं म्हणण्यापलीकडे आपल्या हातात काही उरत नाही.

तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी मी बॅग भरली आणि गाडी काढून आंबोलीच्या रस्त्याला लागलो. केदारला कळवलं नाही.

हे शहाणपणाचं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण मी सतरा वर्षं औषधकंपनीचा माणूस म्हणून याच गाडीने कोल्हापूर ते मालवण हा पट्टा केलाय. सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, मालवण. या गावांतले सगळे दवाखाने मला माहीत, आणि गंमत म्हणजे समुद्र माहीत नाही. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसून मालवण जेवढं दिसतं तेवढंच मी पाहिलेलं. नंदा, माझी बायको, दोन-तीनदा म्हणाली होती, एकदा मलाही न्या की. कामाच्या फेरीत बायको कशाला, असं मी म्हणायचो. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. म्हटलं, गाडी जायच्या आधी निदान आपण तरी बघून यावं. आणि खरं सांगायचं तर मनात एक चोरटी आशाही होती की कोणीतरी भेटेल आणि म्हणेल, छे हो, बेरिंग कसलं, इंजिन ठणठणीत आहे.

आंबोली

आजऱ्यानंतर चढ लागला तसा आवाज वाढला. ढक् ढक् ढक्, पायाखालून यायचा, आणि गाडीत एक जळका, डोळ्यांना झोंबणारा वास. मी रेडिओ मोठा केला. हा माझा नेहमीचा उपाय. मग रेडिओवर जाहिरात लागली आणि तिच्यामागून पुन्हा ढक् ढक्.

आंबोलीत एका टपरीसमोर थांबलो. डिसेंबरची थंडी होती, धुकं रस्त्यावर उतरलं होतं. चहा आणि कांदाभजी सांगून मी बोनेट उघडलं. आता, आपल्याकडे उघडं बोनेट म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. दोन मिनिटांत चार माणसं डोकी आत घालून उभी. एसटीचा एक ड्रायव्हर म्हणाला, टायमिंगची चेन. एक ट्रकवाला म्हणाला, पट्ट्याचा रोलर गेला. तिसऱ्याने पाण्याची बाटली मागितली आणि तीही मी दिली. टपरीवाल्या बाई भजी तळता तळता म्हणाल्या, वास तर डिझेलचा येतोय. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीसुद्धा नाही.

पण मला त्या घोळक्यात बरं वाटत होतं. दोन वर्षांत एवढी माणसं माझ्याशी एकदम बोलली नव्हती. घरी काय, सकाळी दूधवाला, संध्याकाळी केदारचा फोन, जेवलात का, गोळी घेतलीत का. इथे चौघं माझ्या गाडीवरून तावातावाने भांडत होते. दुसरा चहा मी उगाचच सांगितला.

घाट उतरताना आवाज गेला. अगदी गेला. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून गिअरमध्ये गाडी सोडली की एकदम शांत. मी खूश झालो. दवाखान्याच्या दारात पोहोचताच पेशंटचं दुखणं थांबावं तसा प्रकार. सपाटीला लागून पाय दाबला आणि पुन्हा सुरू.

वालावल

कुडाळजवळ वालावलला एका घरी खोली मिळाली. मालकीणबाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. खोली दोघांची होती म्हणून त्यांनी जेवायला दोन पानं मांडली होती. एकटाच आलोय म्हटल्यावर दुसरं पान उचललं, पण पाट तसाच राहिला. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. जेवण उत्तम होतं. पण समोर रिकामा पाट ठेवून जेवणं मला जमत नाही, घरीसुद्धा मी टीव्हीकडे तोंड करून जेवतो.

संध्याकाळी लक्ष्मीनारायणाच्या देवळामागच्या तळ्याकाठी बसलो. पाणी इतकं स्वस्थ की समोरच्या माडांच्या झावळ्या मोजून घ्याव्यात. एक जोडपं फोटो काढत होतं, मला म्हणाले काका, जरा आमचा काढता का. काढला. तीन काढले. मग ते गेले. नंदाला हे तळं आवडलं असतं असं मनात आलं आणि मी उठलो. असले विचार सुरू झाले की बसून राहण्यात अर्थ नसतो.

सकाळी गाडी सुरू केली तेव्हा मला वाटलं, या आवाजाने अख्खी वाडी जागी होणार. मालकीणबाई खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात आल्या. मी ओशाळून म्हटलं, इंजिन गेलंय, मेन बेरिंग. त्या म्हणाल्या, कोणी सांगितलं? म्हटलं, कोल्हापूरच्या गॅरेजवाल्याने. त्यावर त्यांनी मला एक नाव दिलं. सर्जेकोटच्या बंदरावर बाबल म्हणून म्हातारे आहेत, होड्यांची इंजिनं करतात, त्यांना एकदा दाखवा.

मी गाडीचं इंजिन होडीवाल्याला दाखवायला तयार झालो याचं कारण आज सांगून टाकतो. कुडाळला गॅरेजांची रांगच आहे. पण तिथल्या मेस्त्रीने तेच सांगितलं असतं तर ते खरं मानावं लागलं असतं. होडीवाला वाईट बोलला असता तर म्हणता आलं असतं, त्याला गाडीतलं काय कळतंय.

सर्जेकोट

मालवणहून कोळंबचा खाडीवरचा पूल ओलांडला की सर्जेकोट. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माडांच्या सावलीत बाबल यांची जागा. पत्र्याखाली होडीची दोन इंजिनं उघडून ठेवलेली, डबे, दोरखंड, सुकत घातलेली जाळी. बाबल सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक, बनियन आणि लुंगी. मी घाईघाईने बोनेट उघडायला गेलो तर त्यांनी हात धरला. आधी चहा.

चहा त्यांच्या सुनेने आणला. शुभांगी नाव. ही बाई मासळीचा टेम्पो चालवते, पहाटे कुडाळच्या बाजारात माल टाकून परत येते. तिचा नवरा होडीवर जातो. मी माझी कहाणी सांगत होतो, मेन बेरिंग, भंगार, रविवार, सगळं. ती अंगणात भांडी घासत ऐकत होती. मध्येच तिने हात धुतले, पदर खोचला आणि टोपल्या उचलून निघाली. मी समुद्राकडे पाहिलं. तिकडे काही नव्हतं, नुसतं सकाळचं धुरकट ऊन.

कुठे निघालीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमच्या ह्येंची व्हडी इली."

मी म्हटलं, मला तर काही दिसत नाही.

"दिसाक कित्याक होया? आवाज येता मां."

पाच-सात मिनिटांनी खरोखरच टोकाच्या खडकामागून एक होडी वळली. मागोमाग आणखी चार. माझ्या कानांना सगळ्या एकच, फटफट फटफट. बाबल म्हणाले, बंदरावरच्या सगळ्या बायकांना हे येतं. समुद्रावरून एखादी होडी नेहमीपेक्षा जड आवाजात आली तर आत मासळी किती आहे, इंजिन दमलंय का, हेसुद्धा त्या काठावरून सांगतात. बाबल यांच्याकडे इंजिन आलं की तेही आधी तेच करतात. होडी दुसऱ्याच्या हाती देऊन पाण्यात पाठवायची आणि आपण काठावर बसायचं.

मी पुन्हा बोनेटकडे हात दाखवला. ते म्हणाले, "इंजिनाक जवळसून आयकू नये. जवळसून सगळाच मोठा वाटता."

तर ठरलं असं की शुभांगी मासळी उतरवून आली की माझी गाडी घेऊन पुलापलीकडे जाईल आणि परत येईल, आणि आम्ही दोघं खाडीकाठी बसून ऐकू. मला हे पसंत नव्हतं. ही गाडी माझ्याशिवाय कोणी चालवलेली नाही. केदारलाही मी कधी दिली नाही, क्लच घासतो तो. शुभांगीने हात पुढे केला, किल्ली मी दोन बोटांत धरून ठेवली. तिने हसून विचारलं की काका, चावी देताय की दाखवताय. दिली.

काठावरच्या दगडांवर बसलो. ओहोटी होती, चिखलात बगळे. पुलावरून गाड्यांची ये-जा चालू होती. दहा मिनिटं झाली. बाबल डोळे मिटून बसलेले. मग पलीकडून एक आवाज यायला लागला, जड, खोकत येणारा, ढक् ढक्. म्हटलं, गेलं. एवढ्या लांबून एवढं वाईट ऐकू येतंय म्हणजे गेलंच. मी बाबलना म्हटलं, आली. राहू द्या, कळलं मला, बेरिंगच आहे.

बाबलनी डोळे न उघडता सांगितलं, "ती नाय. तो बर्फाचो टेंपो. तुमची मागसून येता, ती."

टेम्पो पुलावर आला, गेला. त्याच्यामागून माझी पांढरी गाडी. तिचा आवाज मी ऐकला तो असा: गुणगुणत येणारं एक सरळ इंजिन, आणि त्याच्या आत बारीक चुक् चुक्, कुणीतरी दातांतून हवा काढावी तसं. ढकढक नावालासुद्धा नाही.

"इतकी वर्सा चलवतास," बाबल म्हणाले, "आणि वळखूक येणा नाय?"

ते चेष्टेने म्हणाले, पण मला ते फार लागलं. सतरा वर्षं, साडेतीन लाख किलोमीटर, आणि मी माझी गाडी येताना कधी ऐकलीच नव्हती. कशी ऐकणार? मी कायम आत. तिची वाट बघत बाहेर कधी उभा राहिलोय? घरी पोहोचल्यावर मला कधी बेल वाजवावी लागली नाही, हे त्या दगडावर बसून मला आठवलं. रात्री-अपरात्री, वेळी-अवेळी, मी फाटकाशी आलो की दार उघडं असायचं. मी नंदाला चिडवायचो, काय दारातच बसून असतेस का. ती हसून आत वळायची. मला वाटायचं, खिडकीतून बघत असेल. आमच्या स्वयंपाकघराला रस्त्याकडे खिडकी नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

माझे डोळे भरून आले. बाबलनी पाहिलं. उठताना खांद्यावर हात ठेवला, तोही आधार घेतल्यासारखा.

मग त्यांनी बोनेट उघडलं. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चार नोझल असतात, त्यातल्या तिसरीच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर जमला होता. बाबल म्हणाले, "इंजिन बसाक नाय. नोझलाचो वायसर गेलो." नोझलखाली तांब्याची छोटी चकती असते, वॉशर, ती जळून पातळ झाली होती आणि तिथून जळका वायू बाहेर फुसफुसत होता. चढावर जोर लागला की जास्त, उताराला पाय काढला की गप्प. आणि ती ढकढक? इंजिन ज्या रबरावर बसतं ते रबर दबून गेलेलं, म्हणून तो चुकचुकाट आत बसणाऱ्याच्या पायाखाली हातोड्यासारखा वाजायचा. बाहेरच्याला नाही, फक्त आत बसणाऱ्याला. आंबोलीच्या भजीवाल्या बाई बरोबर होत्या, एवढंच मला त्यावर सुचलं.

मी उडी मारायच्या बेतात होतो, पण बाबलनी खाली बसवलं. इतकी वर्षं न हललेली नोझल काजळीने जागेवर चिकटून बसलेली. ओढताना तुटली आणि तुकडा आत राहिला तर इंजिनाचं डोकं उतरवावं लागेल, आणि मग कोल्हापूरचा गॅरेजवाला म्हणतो तेच खरं. त्यांनी तिच्याभोवती डिझेल ओतलं आणि सांगितलं, आज हिला मुरू दे. उद्या बघू.

तो दिवस मी त्यांच्या पडवीत काढला. शुभांगीने तिरफळं घातलेलं बांगड्याचं ओल्या नारळातलं कालवण आणि उकडा भात वाढला. मी कोल्हापूरचा, मला माशाच्या रश्श्यात नारळ म्हणजे लाड वाटतो. तसं म्हटलं तर तिने विचारलं की तुमच्याकडे रस्सा जेवतात की सोसतात. बाबल पोटभर हसले. कोणी माझी अशी थट्टा करून किती दिवस झाले होते! केदारशी बोलणं होतं, पण तो माझ्याशी पेशंटशी बोलावं तसं बोलतो. दुपारी त्याचा फोन आला. कुठे आहात म्हणाला, मी म्हटलं बाहेर. त्याला मीटिंग होती. मलाही सांगायचं नव्हतं, उद्या नोझल तुटली तर काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबलनी इंजिन चालवून गरम केलं, बंद केलं आणि नोझलला पाना लावला. ओढायची नाही, एवढंसं डावीकडे, एवढंसं उजवीकडे. पुन्हा डिझेल. पुन्हा डावीकडे, उजवीकडे. तासभर. मी तिथे उभा राहू शकलो नाही, बंदरावर जाऊन आलो, परत आलो, ते तिथेच. त्यांच्या मनगटाच्या शिरा ताणलेल्या होत्या आणि चेहरा मात्र भाजी निवडणाऱ्या माणसासारखा. एकदम टक् असा आवाज झाला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा अख्खी नोझल त्यांच्या हातात होती.

होडीच्या सामानात मापाची चकती सापडली. ती त्यांनी चुलीत लाल केली आणि पाण्यात टाकली, तांबं असं मऊ केलं की घट्ट बसतं म्हणे. रबराच्या जागी जुन्या पट्ट्याचा तुकडा कापून घातला आणि बजावलं, हे तात्पुरतं आहे, गावी जाऊन नवीन घाला. साडेदहाच्या सुमारास गाडी सुरू केली. आवाज नाही. वास नाही. आत बसून मी नुसता ऐकत राहिलो, आणि मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं. या आवाजाच्या निमित्ताने तीन दिवस माझ्याशी माणसं बोलत होती. आता कुठे थांबायचं आणि काय विचारायचं? निघताना शुभांगी म्हणाली, पुन्हा या, पण गाडी बिघडायची वाट बघू नका. मी येतो म्हटलं. जाईन की नाही, माहीत नाही.

परत

घाट गाडीने मजेत चढला. आंबोलीला थांबलो नाही, टपरी बंद होती.

कोल्हापुरात घरी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. फाटक मीच उघडलं, कुलूप मीच काढलं. बॅग आत ठेवली आणि शेजारच्या पाटलांकडे गेलो. हे बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ, स्कूटरवर हेल्मेट घालून भाजी आणायला जातात. त्यांना म्हटलं, एक काम करा, माझी गाडी घ्या, कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जा, वळवा आणि परत आणून फाटकाशी लावा. ते म्हणाले, काय झालंय गाडीला? म्हटलं, काही नाही, फक्त एवढं करा. माझ्याकडे नीट पाहून त्यांनी किल्ली घेतली.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभा राहिलो. नंदा उभी राहायची तिथे. बराच वेळ काही नाही. कुकरच्या शिट्ट्या, एक रिक्षा, एक बुलेट, वरच्या मजल्यावर कपडे आपटण्याचा आवाज. मग लांबून, टाकीच्या वळणावरून, ती आली. सगळ्या आवाजांत वेगळी. मला लगेच कळली, या वेळी चूक झाली नाही. पाटील गाडी हळू चालवतात, ते धरूनही ती वळणापासून फाटकापर्यंत यायला पुरेसा वेळ लागला. गॅसवर आधण ठेवायला, हात पुसायला, केस सारखे करायला आणि सावकाश जाऊन दाराची कडी काढायला लागतो तेवढा. मी ते सगळं केलं. दार उघडलं तेव्हा पाटील नुकते हँडब्रेक ओढत होते.

सतरा वर्षं ती हे करत होती. मी आत शिरून चप्पल काढता काढता विचारायचो, चहा झाला का. आणि चहा झालेला असायचा. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. दाराची चौकट धरून मी रडलो, नंदा गेली तेव्हा रडलो नव्हतो इतका. पाटील बिचारे किल्ली हातात घेऊन पायरीवर उभे राहिले.

त्यांना आत बोलावलं. आधण उकळतच होतं. चहा घेताना केदारचा फोन आला, रविवारी तो माणूस दहा वाजता येतोय, गाडीचे कागद काढून ठेवा म्हणाला. मी त्याला सांगितलं, कुणाला पाठवू नकोस, गाडी घरीच राहील.

"अहो बाबा, पण त्या आवाजाचं काय?"

"येतो आवाज," मी म्हटलं. "इथे ओट्यापर्यंत येतो."